काकांना कुणीतरी सांगा

७ एप्रिल २०१३, रविवार

झाली एकदाची पहिली बैठक! बुकित तिमाहच्या चकचकीत काँडोमधली फंक्शन रूम, शाल घेऊन बसावं असा एसी, आणि मराठीत लिहिणारी (किंवा लिहीन म्हणणारी) नऊ माणसं. खोली निशिकांतकाकांमुळे मिळाली. काका बँकेतून निवृत्त होऊन सांगलीहून इथे याच सोसायटीत लेकीकडे आलेत, कानाला यंत्र लावतात, आठवणी लिहितात. रुचिर सॉफ्टवेअरवाला, कविता करतो. ऋचा विद्यापीठात पोस्टडॉक आहे, संशोधन करते. कथा लिहिते म्हणाली, पण इतक्या हळू, की काकांना दोनदा विचारावं लागलं. बाकीच्यांची नावं अजून पाठ व्हायची आहेत.

एकीनं ट्रे भरून बटाटेवडे आणले होते. सुरुवातीचा सगळा वेळ चटणी कशी केली यातच गेला. मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, पुढच्या वेळेपासून फक्त बिस्किटं. लिखाण आधी मला मेलवर पाठवायचं, मी ते छापून, लाल पेनानं टिपणं करून आणणार. उगाच 'वा, छान' म्हणायचं नाही, ते फेसबुकवर फुकट मिळतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. वडेवालीनं जरा कमी डोलावली.

मी आज फार खूश आहे. पुण्यात प्रकाशकाकडे इतकी वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं घडवली आणि इथे परदेशात आले ती डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या जोरावर, 'अभयची बायको' म्हणून. क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये दिवसभर मी आणि वॉशिंग मशीन. अभयला मी स्पष्ट सांगितलंय की ऑगस्टअखेर लीज संपतं, तोवर इथे माझं स्वतःचं काही उभं राहिलं तर ठीक, नाहीतर मी आणि लेक मैत्रेयी पुण्याला परत. त्यानं खुशाल एकट्यानं हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर जेवावं.

२१ एप्रिल, रविवार

आज खऱ्या अर्थानं काम झालं. रुचिरनं एमआरटीवरची, म्हणजे इथल्या मेट्रोवरची, कविता वाचली. मी त्याला म्हटलं, शेवटचं कडवं ठेव, बाकीचं काढून टाक, ते नुसतं घसा खाकरणं आहे. हसला बिचारा. "हो हो, बरोबर आहे विनीताताई," म्हणाला आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. असा खिलाडूपणा पुण्यात मोठमोठ्या लेखकांमध्ये पाहिला नाही.

काकांनी बँकेतल्या पहिल्या दिवसाची आठवण वाचली. मी सांगितलं, हा लेख तिसऱ्या पानावर सुरू होतो, आधीची दोन पानं तुमच्यासाठी आहेत, वाचकासाठी नाहीत. "तुम्ही म्हणता तर असेल," म्हणाले. मग बराच वेळ यंत्राची बॅटरी बदलत बसले.

वडेवाली आली नाही. बिस्किटांचा राग दिसतो.

५ मे, रविवार

सहा जण. रुचिरचं ऑफिसात रिलीज आहे म्हणे. या सॉफ्टवेअरवाल्यांचं रविवारीसुद्धा काय रिलीज होत असतं देव जाणे. बुकित तिमाह सगळ्यांनाच आडवळणी पडतं, हेही आहे. दोन बस बदलून यावं लागतं.

रात्री जेवताना अभयनं विचारलं, "तू काय वाचलंस?"

"मी कशाला वाचू? मी संपादक आहे."

"पण गट लिहिणाऱ्यांचा आहे ना?"

मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला. मैत्रेयी ताटातून मान वर न करता इथल्या पोरांच्या थाटात म्हणाली, "आई, यू सो फिअर्स लाह. माझे टीचरपण एवढं रेड नाही करत." सातवीतली पोर. तिला काय कळतंय.

२ जून, रविवार

आज ऋचानं तोंड उघडलं, आणि काय उघडलं! तिची कथा मेलवर आली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचली. एक मुलगी परदेशात एकटी राहते. दर रविवारी आईचा फोन येतो, आई विचारते काय जेवलीस, आणि मुलगी दर वेळी खोटा स्वयंपाक रचून सांगते. वरणभात, भेंडी, कोशिंबीर. प्रत्यक्षात ती पाकिटातले नूडल्स खात असते. एका रविवारी आई सहज विचारते, भेंडीत चिंच घातलीस की आमसूल? मुलीला काही सुचत नाही. आई क्षणभर थांबते. मग आणखी काही न विचारता भेंडीची कृती पहिल्यापासून सांगायला लागते. लिहून घे म्हणते.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसलं आणि पेन उचललं. मला एखादी गोष्ट आवडली की तिच्यावर मी जीव तोडून मेहनत घेते. मधला प्रयोगशाळेचा भाग आख्खा काढायला सांगितला, सुरुवात बदलायला सांगितली, प्रत्येक पानावर समासात लिहिलं, जागा पुरली नाही तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं. बैठकीत एकेक मुद्दा नीट समजावून दिला. ऋचा कान लाल होईपर्यंत लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी "थँक्यू ताई" म्हणाली आणि कागद बॅगेत ठेवले.

हिच्यासारख्या एखादीसाठीच तर हा सगळा खटाटोप. आज मला वाटलं, जमेल मला इथे.

२१ जून, शुक्रवार

बाहेर समोरचा ब्लॉक दिसत नाही इतका धूर. सुमात्राची जंगलं पेटलीत आणि त्याचा वास आमच्या उशांना. मास्क मिळेनासे झालेत. रविवारची बैठक रद्द केल्याचा मेसेज टाकला, तर इतके दिवस मुकी बसलेली मंडळी मिनिटभरात बोलू लागली. 'उत्तम निर्णय!' 'तब्येत आधी!' 'अगदी योग्य!' वडेवालीनंसुद्धा अंगठा दाखवला. किती काळजी करतात सगळे एकमेकांची.

७ जुलै, रविवार

हवा स्वच्छ झाली, तरी फंक्शन रूममध्ये आज मी आणि काका. ऋचाचा मेसेज आला, प्रयोग चालू आहे. रुचिरचा मेसेजच नाही. वॉचमन येऊन विचारून गेला, अर्धे दिवे बंद करू का? मी म्हटलं, करा.

काकांनी नवीन काही लिहिलेलं नव्हतं. "सुचत नाही हल्ली," म्हणाले. मग म्हणाले, "तुमचंच काहीतरी वाचा ना."

"माझ्याकडे काही नाही काका."

"इतक्या जणांचं वाचता आणि तुमच्याकडे काही नाही?" एवढंच म्हणून त्यांनी माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. मी दोन खाल्ली. रडू येत होतं म्हणून तिसरं खाल्लं.

घरी येऊन अभयला सांगितलं, गट संपला, मालकाला कळव की लीज वाढवायचं नाही. त्यानं चहाचा कप धुतला, पुसला आणि पुन्हा धुतला. मैत्रेयी खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

१४ जुलै, रविवार

मैत्रेयीनं डोकं चालवलं. शाळेतून ती पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेली होती, तिथे गटाची शेवटची सहल काढा म्हणते. निरोप तरी नीट घ्या लाह. मला पटलं. ऑगस्टमध्ये सुट्ट्यांना जोडून येणारा रविवार ठरवला. वाचायला कुणीच काही देत नाही, तर शेवटच्या दिवशी मीच वाचीन. वर सगळ्यांच्या हातात एकेक लाल पेन देईन. मी इतक्यांचं तपासलं, माझंही तपासू देत. भीत नाही मी.

अभय संध्याकाळी बराच वेळ कॉरिडॉरमध्ये फोनवर होता. ऑफिसचा कॉल म्हणाला. त्याच्या ऑफिसात मराठी कधीपासून बोलायला लागले कोण जाणे.

२८ जुलै, रविवार

भीत नाही असं लिहिलं होतं, ते खोटं आहे.

कथा झाली मात्र. आमच्या कॉरिडॉरमधल्या कुंड्यांची आहे. एका बाईचा कढीपत्ता असतो आणि शेजारच्या टॅन आजींची मिरची. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. बाई गावाला गेली की आजी कढीपत्त्याला पाणी घालतात, आजी लेकीकडे गेल्या की बाई मिरचीला. पुढे बाईला ते घर सोडायचं असतं, म्हणून ती कुंडी द्यायला कुणीतरी शोधते. एकाकडे ऊन येत नाही, एक विसरभोळा, एकीकडे मांजर आहे, अशी प्रत्येकात काहीतरी खोट निघते. शेजारधर्मावरची साधी कथा. फुलोऱ्याचं वर्णन करणारे दोन परिच्छेद फार सुरेख उतरलेत, माझं मलाच कौतुक वाटलं.

११ ऑगस्ट, रविवार

हात दुखतायत, पाय दुखतायत, तरी सगळं आजच लिहिणार.

चांगीच्या धक्क्यावर पाहते तर काका, ऋचा आणि रुचिर तिघंही हजर! रुचिर म्हणाला, "अभयदादांनी म्हणजे... मेसेज वाचला ना तुमचा." अभय तेव्हा समुद्राकडे बघत होता. बमबोटीत बसलो, निम्मी वाट गेली असेल, तोच जोराची सर आली. लाकडी बोट, बाजूनं उघडी. माझ्या छापलेल्या प्रती होत्या कापडी पिशवीत. उतरलो तोवर त्यांचा लगदा झाला होता. फक्त माझी प्रत वाचली, कारण ती थालीपिठांच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवली होती. थोडी तेलकट झाली, एवढंच.

मैत्रेयी आणि अभय सायकली घेऊन पसार झाले. आम्ही चौघं एका जुन्या, कंपाँग म्हणतात तशा खेडेगावच्या घराजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलो. ओली पानं मी बाकावर वाळत टाकली. एक रानडुक्कर डुलत डुलत आलं, एक पान हुंगलं आणि तोंड फिरवून निघून गेलं. माझ्या कथेवरचं पहिलं परखड मत. सगळे इतके हसले, की माझी भीती जरा कमी झाली. लाल पेनं पिशवीतच राहिली, लिहिणार कशावर?

मी वाचली. पत्र्यावर सर वाजत होती. वाचून संपलं. मी म्हणणार होते, सांगा स्पष्ट, तेवढ्यात काका कानाला हात लावून म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही हो. पाण्यानं यंत्र बंद पडलंय. काय झालं गोष्टीत, कुणीतरी सांगा."

आता काकांना सांगणं आलं. रुचिर त्यांच्या जवळ सरकून मोठ्यांदा सांगू लागला. "काका, एक बाई आहे. तिच्याकडे कढीपत्त्याची कुंडी आहे. तिला घर सोडून परत जायचंय, म्हणजे तसं ती म्हणते. कुंडी कुणाला तरी देऊन टाकते म्हणते, पण देत कुणालाच नाही."

"का देत नाही?"

"तिला जायचंच नाहीये."

मी म्हणाले, "असं मी कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाहीये ताई," ऋचा एकदम म्हणाली, "पण तसंच आहे. ज्याला द्यायला जाते त्याच्यात खोट काढते. देऊन टाकली तर थांबायला कारण उरणार नाही ना! पण रुचिर, तू एक विसरलास. तिला भीती वाटते, की थांबली तरी तिला कुणी बोलावणार नाही. म्हणून ती आधीच निघते म्हणते."

"नाही नाही, ती गर्विष्ठ आहे," रुचिर म्हणाला.

"गर्विष्ठ नाही रे, एकटी आहे."

दोघं भांडायला लागले. माझ्या बाईवरून! ती खरीच क्वीन्सटाउनला राहते आणि दोघांची ओळखीची आहे, असं. कुणी चांगली म्हटलं नाही, वाईट म्हटलं नाही. फुलोऱ्याच्या दोन परिच्छेदांचा कुणी उच्चारही केला नाही. ते गेलेच म्हणायचे. मी नुसती ऐकत बसले होते. त्या बाईबद्दल या दोघांना जे कळलं, ते लिहिताना मला ठाऊक नव्हतं.

मग काका म्हणाले, "ऋचाची ती भेंडीची गोष्ट पण मला त्या दिवशी नीट ऐकू आली नव्हती. विनीता, तू सांग." पहिल्यांदाच 'तू' म्हणाले.

मी सांगू लागले. रविवारचा फोन, खोटं वरण, खोटी कोशिंबीर. नूडल्सचं पाकीट फाडताना फोनमध्ये आवाज जाऊ नये म्हणून मुलगी ते कात्रीनं हळूच कापते, तेही सांगितलं. आई थांबते तिथे मीही थांबले. मग आई भेंडी धुऊन, पुसून, कोरडी करून घ्यायला सांगते, तिथपर्यंत आले आणि मला रडू फुटलं.

ऋचा माझ्याकडे बघत होती. "ताई, तुम्हाला सगळं आठवतंय?"

"आवडली होती ग मला. वाचताना रडले होते."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, इतकं लाल केलंय त्यावरून कळेल."

तिनं आधी डोळे मोठे केले, मग हसू लागली, मग तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, तो कागद तिनं परत उघडलाच नव्हता. आपल्याला लिहिता येत नाही असं ठरवून टाकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा हात धरला. रुचिरनं आपलं थालीपीठ आम्हा दोघींपुढे केलं.

जरा वेळानं ऋचाच म्हणाली, "तुम्ही लॅबचा भाग सांगितलाच नाही."

"राहून गेला."

"म्हणजे तो नकोच आहे. थँक्यू ताई!"

जूनमध्ये मी लाल पेनानं हेच लिहिलं होतं. अगदी हेच. तेव्हा ती यायची बंद झाली आणि आज आभार मानतेय. यावर मला शांतपणे विचार करायला हवा.

परतताना बोटवाल्यानं मागून हळूच "अंकल" म्हणून हाक मारली, काकांची टोपी राहिली होती. इंजिनाच्या घरघरीत आमच्यापैकी कुणाला ऐकू गेली नाही, काका मात्र लगेच वळले. बिघडलेल्या यंत्रांचं काही सांगता येत नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

सकाळी अभय टाय बांधता बांधता म्हणाला, "मालकाचा पुन्हा मेसेज आलाय, लीज वाढवायचं तर दोन वर्षांसाठी. काय कळवू?"

मी दारातल्या कुंडीला पाणी घालत होते. म्हटलं, "कढीपत्ता कुणाला द्यायचा, ते ठरत नाहीये."

तो टाय तसाच अर्धा सोडून माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

त्याचा चेहरा असा झाला, की त्या घटकेला मला कळलं, हा माणूस इतके महिने किती घाबरलेला होता. आतून मैत्रेयी ओरडली, "यस!" म्हणजे ती दाराआड उभी होती.

मी टॅन आजींच्या मिरचीलाही पाणी घातलं आणि आत येऊन चांगलं पोटभर रडून घेतलं. बरं वाटलं.

१ सप्टेंबर, रविवार

बैठक आता आमच्याच ब्लॉकखाली, व्हॉइड डेक म्हणतात त्या मोकळ्या तळमजल्यावरच्या दगडी टेबलाभोवती. एसी नाही, एमआरटी जवळ. आज सात जण. वडेवालीचं नाव विभा. तिला मी फोन करून सांगितलं, वड्यांसकट ये. आली, आणि पिशवीतून वड्यांच्या खालून चक्क एक प्रवासवर्णन काढलं. इतके दिवस विचारलंच नव्हतं मी, ही काय लिहिते.

सुबोध नावाचा एक विद्यार्थी नवीन आलाय. घाबरत घाबरत विचारत होता, नियम काय आहेत? मी म्हटलं, एकच. तू वाचायचंस. मग काकांसाठी कुणीतरी गोष्ट सांगेल, तेव्हा तू मध्ये बोलायचं नाहीस. मतं त्यानंतर, आणि लाल पेन तू मागितलंस तरच. ती लाल पेनं मैत्रेयी शाळेत घेऊन गेली म्हणा. आता मागितलं तरी शोधावं लागेल.

काकांच्या कानांचं मात्र काहीतरी करायला हवं. लेकीनं नवीन यंत्र आणून दिलंय, महागातलं. मघाशी विभा पलीकडच्या टेबलावर माझ्या कानात कुजबुजली, की वड्यात मीठ जरा जास्त पडलंय, तर काका इकडून म्हणाले, "नाही हो, अगदी बेताचं आहे." म्हणजे यंत्र उत्तम चालतंय. पण सुबोधनं कागद उलगडला मात्र, काकांनी ते काढलं, रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं आणि खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, "हं, वाच."

बॅटरी वाचवतात म्हणे. बँकेतला माणूस, सवय जात नाही.